विहीणबाईंची सोबत

१२ जानेवारी

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन केला की तुझा नवरा मधेच घेतो आणि मग सगळं बोलणं माझ्या गुडघ्यांवर येऊन थांबतं. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या कामाच्या पत्त्यावर.

बसून वाच. एप्रिलमध्ये मी दक्षिण अमेरिकेला जाणार आहे. डोकं ठिकाणावर आहे, अंगात ताप नाही, कुणी गळ घातलेली नाही. आपल्या दुकानात, डोळे तपासायच्या खोलीत, काचांच्या कंपनीने दिलेलं एक जुनं कॅलेंडर आहे. त्यातलं मिठाचं मैदान तुला आठवत असेल. नजर जाईल तिथवर पांढरं मीठ, त्यावर बोटभर पाणी आणि पाण्यात सगळं आभाळ. ते पान मी कधी उलटलं नाही, कारण लांबचं कमी दिसणाऱ्याला मी त्यातली क्षितिजाची रेघ शोधायला लावते. परवा एका गिऱ्हाइकाने मलाच विचारलं की बाई, तुम्हाला तरी दिसते का ती रेघ. नवा चष्मा लावून पाहिलं, तरी सापडेना. मग म्हटलं, जाऊनच बघावं.

ते मैदान ज्या देशात आहे, तो इतका उंचावर आहे की त्यांचा विमानतळच चार हजार मीटरवर आहे. एप्रिल अशासाठी, की तिथले ऋतू आपल्या उलटे, पाऊस नुकताच सरलेला असतो, मैदानात थोडं पाणी उरलेलं असतं आणि हाडं गोठवणारी थंडी अजून यायची असते. गर्दीचा हंगाम पुढे, म्हणून तिकिटंही परवडतात. धड ना पावसाळा, धड ना हिवाळा. माझ्या वयाला शोभेलसा महिना आहे.

तुझे सासरे गेले त्याला तीन वर्षं होतील. दुकानामागच्या खोलीत त्यांच्या उशाशी मी किती काळ बसले ते तू पाहिलं आहेस. मी ते हसतमुखाने केलं असं लोक म्हणतात. मी ते केलं, एवढंच खरं. ते गेले तेव्हाच मनाशी ठरवलं की पुन्हा कुणाच्या आजारपणापाशी बसायचं नाही. उरलेलं आयुष्य चालत्याफिरत्या माणसांत काढायचं. हे मी चारचौघांत बोलून दाखवते, लोकांना ते आवडत नाही, आणि माझा इलाज नाही.

मला सोबत आहे, तेव्हा एकटी कशी जाणार हा प्रश्न तुझ्या नवऱ्याने काढू नये. उंचीवर शरीराचं काय होतं, कोणती गोळी घ्यायची, ते सविस्तर लिही. औषधाचं तुझ्याशिवाय कुणाला विचारायचं नाही, हा आपल्या दोन्ही घरांचा शिरस्ता आहेच.

कळावे. माया आहे, ती उलट टपाली दिसावी.
तुझी सासू

*

१५ जानेवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

गोळ्यांचं पाकीट मिळालं. तू पुडक्यावर लाल शाईने ‘चुकवू नका’ असं लिहितेस, त्यामुळे पोस्टमन मला फार गंभीर आजारी समजतो आणि जिना चढून वर येतो. एरवी तो खालूनच हाक मारायचा, आणि ती मला कुठली ऐकू यायला. पाणीपुरवठ्यात इतकी वर्षं पंपांच्या धडधडीत काढली, त्यात कान गेले, पण पोस्टमनच्या पायांना व्यायाम मिळाला.

एक काम आहे. पंपघरातली आम्ही जुनी मंडळी एप्रिलमध्ये कुठेतरी थंड हवेला जाऊन येऊ म्हणतो. टेकडीच आहे, फार उंच नाही. तर एक चांगलं जाड जाकीट पाठव. जाड म्हणजे खरोखर जाड, बर्फात घालतात तसलं. आणि हातमोजे. आमच्यातल्या एका म्हाताऱ्याला थंडी फार बाधते, त्याला लागलं तर देता येईल.

तुझ्या विहीणबाई, चुकलो, माझ्या विहीणबाई बऱ्या आहेत. परवा दुकानावरून जाताना दिसल्या. जावईबापूंना आशीर्वाद. त्यांना म्हणावं गाडीचा आवाज येतोय म्हणता तर पट्टा बघा, तेल ओतून काही होत नाही.

लोभ आहेच, त्यात जाकिटाची भर पडावी.
बाबा

*

२० जानेवारी

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही बसून वाच म्हणालात, आणि मी तुमचं पत्र रुग्णालयाच्या औषध-खिडकीत उभ्याने वाचलं. समोर रांग होती. एका आजोबांना खोकल्याच्या औषधाऐवजी मी सुटे पैसे दोनदा दिले, ते बिचारे परत करायला आले.  घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा हे भांडी घासत होते. नळ तसाच वाहता ठेवून हे वळले. म्हणाले की आईला मैदानच बघायचं असेल तर गावात माझ्या शाळेचं आहे. मी म्हटलं, हे तुम्हीच आईंना कळवा. तेव्हापासून विषय बंद आहे.

धक्का ओसरल्यावर मला तुमचा हेवा वाटला. आता नीट ऐका. विमानाने थेट वर उतरू नका. आधी खालच्या एखाद्या शहरात थांबा आणि मग टप्प्याटप्प्याने चढा. वर पोचल्यावर पहिले दोन दिवस काही म्हणजे काही बघायचं नाही, आरामच करायचा. भरपूर पाणी प्या, कमी खा, चढावर बोलू नका. (हे तुम्हाला जड जाईल.) डोकेदुखी आणि मळमळ होणारच, पण बसल्या जागी धाप लागली तर त्याच दिवशी खाली उतरायचं, कितीही पैसे भरलेले असोत. उंचीची एक गोळी असते, ती चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. मी पाठवते.

तुमच्या सोबत कोण मैत्रीण आहेत त्यांनाही काही जुनं दुखणं, काही न चालणारं औषध असेल तर विचारून मला कळवा. वरची हवा कुणाचं वय आणि मोठेपण बघत नाही.

आणि गंमत म्हणजे माझे बाबाही एप्रिलमध्येच कुठल्या टेकडीवर निघालेत. म्हणजे तुमच्या गावात दोन्ही घरांना एकदमच कुलूप. नशीब, चोरांना आपलं नातं माहीत नाही.

कळावे. आशीर्वाद आहे तो जपून ठेवते, तुम्ही तब्येत जपा.
तुमची सून

*

२१ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न.

जाकीट आणि हातमोजे वेगळ्या पार्सलने येताहेत. दुकानदाराने विचारलं की वडील टेकडीवर जाताहेत की ध्रुवावर. मी म्हटलं, त्यांच्यात एक थंडी बाधणारा म्हातारा आहे. तो म्हणाला की तो नेहमी असतो.

छातीच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते पुन्हा लिहिते, कारण ऐकू न येण्याचं निमित्त तुम्ही त्यांच्याही खोलीत वापरलं होतं. तुमच्या फुप्फुसांतल्या नळ्यांत दाब आधीच फार आहे. हवा विरळ झाली की तो आणखी वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूला तो ओढत नाही. दीड हजार मीटरच्या वर पाऊल टाकायचं नाही. तुम्हीच तेव्हा म्हणाला होतात की समजलं, वरची टाकी भरलेली असताना पंप चालू ठेवला तर मोटार जळते. टेकडी हजाराच्या आत आहे ना? तसं असेल तरच मी गप्प बसते.

आता एक बातमी, आणि हसू नका. तुमच्या विहीणबाई दक्षिण अमेरिकेला चालल्यात. चार हजार मीटर. या वयात. कुणीतरी मैत्रीण सोबत आहे म्हणे. तुमच्या जावयाला दोन दिवस जेवण गोड लागलेलं नाही. तुम्ही जरा दुकानात डोकावून त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगा ना, तुमचं त्या ऐकतील. निदान ऐकून तरी घेतील.

लोभ आणि गोळ्या, दोन्ही नियमित असावेत.
तुमची भिंगरी

*

९ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. इतकं नीट कुणी सांगितलं तर माणूस कुठेही जाऊ शकेल. त्याप्रमाणे बेत बदलला आहे. आधी खालच्या शहरात तीन मुक्काम, मग बसने चढ, मग उंचावरची राजधानी, आणि एकदम शेवटी मैदान. प्रवास कंपनीतली मुलगी म्हणत होती की एवढा वेळ वाया कशाला घालवता. मी तिला सांगितलं, माझी सून सांगते म्हणून.

तुझ्या बाबांनी दुकानात येऊन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. बराच वेळ सांगत होते.

माझी दृष्टी, साखर, रक्तदाब ठीक आहे. सोबतीबद्दल तू विचारलंस. प्रकृती उत्तम आहे, चालणं माझ्यापेक्षा जास्त. एकच अडचण, सल्फाची गोळी चालत नाही. पूर्वी कधी घशासाठी घेतली होती, तर चेहरा सुजला आणि डावा डोळा आठवडाभर पूर्ण मिटलेला होता. वरची पापणी अजून किंचित उतरलेली आहे, वाचताना मान उजवीकडे वळते, त्यावरून मी ओळखलं. तर तुझी उंचीची गोळी त्यांना चालेल का? नसेल चालत तर दुसरं काय? तब्येतीच्या बाबतीत अंदाजाने चालायचं नाही, म्हणून विचारते.

तुझ्या नवऱ्याला सांग, शाळेचं मैदान मी पाहिलेलं आहे. त्याला सोडायला रोज मीच जात होते.

कळावे. जिव्हाळा कमी होऊ नये, प्रश्न कितीही वाढले तरी.
तुझी सासू

*

१४ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार नंतर.

सासूबाईंचं पत्र आलं. त्यांच्या सोबतीला सल्फा चालत नाही. अशी माणसं पुष्कळ असतात, रोज खिडकीवर दोन तरी येतात. पण घशासाठी घेतलेली गोळी, मिटलेला डावा डोळा आणि उतरलेली पापणी? चष्म्यावाल्या बाईंनी सगळं झाकलं आणि डोळा तेवढा उघडा ठेवला. डोळ्याचं काही अर्धवट लिहिणं त्यांना जमतच नाही.

मी कपाटावरचा माझ्या लग्नाचा फोटो खाली घेतला. त्यात एक माणूस एका डोळ्याने हसतो आहे.

 यांना काही सांगितलं नाही, काय सांगणार? की तुमच्या आई आणि माझे बाबा जगाच्या दुसऱ्या टोकाला मीठ बघायला चाललेत? आई जाऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही कुणाशी चार शब्द बोलावेत असं मला वाटायचंच. पण माझ्या सासूबाई? मी कुणाला कुणाबद्दल सांगायचं ते तरी ठेवलंत का? त्यांच्या तक्रारी मी तुमच्याकडे लिहिते आणि तुमच्या त्यांच्याकडे. म्हणजे इतके दिवस तुम्ही दोघं दुकानात बसून माझी पत्रं ताडून बघत होतात.

हा धक्का मी पचवीन की नाही ते मला माहीत नाही. पण त्याला वेळ आहे. दुसऱ्याला नाही. त्या लिहितात, सोबतीची प्रकृती उत्तम आहे. म्हणजे त्यांना ठाऊकच नाही. तुम्ही माझ्याकडून जाकीट मागवलंत, टेकडी म्हणालात, आणि चार हजार मीटरवर जायला निघालात. मी तुम्हाला दीड हजार लिहून पाठवलं, ते वाचून तुम्ही काय केलंत? घडी घालून ठेवलंत?

तुम्ही त्यांना सांगा. आठवडाभरात. नाहीतर मला सांगावं लागेल, आणि मला ते सांगायला लावू नका.

भिंगरी

*

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ. मी मात्र आधीच लिहितो.

तुझं पत्र वाचून मी गॅलरीत जाऊन बसलो.  तू लहानपणी पाण्याच्या टाकीत डोकावायला चढली होतीस तेव्हा मी जसा खाली उभा होतो, तसा आता बसलो आहे.

तुझे सासरे गेले तेव्हा तूच लिहिलं होतंस की बाबा, विहीणबाईंकडे जरा लक्ष ठेवा. मी ठेवलं. पहिल्यांदा चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून गेलो, दुसऱ्यांदा ती मीच सैल करून गेलो. मग त्यांनी काउंटरच्या आतल्या बाजूला एक खुर्ची टाकली आणि म्हणाल्या की येत जा, दांड्या मोडू नका. त्या बोलतात ते मला ऐकू येतं, कारण त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघून, सावकाश बोलतात. तू एवढ्यावर काय ते समज, मी बाप आहे, मला यापुढे लिहिता येत नाही.

आता दुसरं. त्यांना तू ओळखतेस. गिऱ्हाइकासमोर भिंगं पुसता पुसता त्या म्हणाल्या आहेत, माझ्यासमोर, की आपण आता कुणाच्या उशाशी बसणार नाही. जो येईल त्याने आपल्या पायांनी यावं. मी पायांनी आलो. डॉक्टरांचं म्हणणं मी त्यांना सांगितलं की त्या क्षणापासून मी दुकानामागच्या त्या खोलीतला माणूस होणार. आणि त्यांच्या नजरेतून एकदा कुणी उतरलं, की परत वर चढायचं नाही. पंप बंद पडायचा तेव्हा पडेल. मला त्यांच्याबरोबर ते मैदान बघायचं आहे. तिथे काही झालंच तर होऊ दे, तक्रार करणार नाही. सावकाश चढेन. तूच तर टप्पे आखून दिले आहेस.

सांगू नकोस. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलेलं नाही. जाकीट सोडून.

लोभ होता तसाच ठेव, रागावलीस तरी.
बाबा

*

२४ फेब्रुवारी

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून तुम्ही मला घर फोडणारी म्हणाल. म्हणा.

तुमची सोबत कोण आहे ते मला कळलं. डाव्या डोळ्यावरून कळलं. मला धक्का बसला आणि अजून तो उतरलेला नाही, खोटं कशाला बोलू. यांनाही सांगितलं. हे बाथरूममध्ये गेले आणि आतून विचारलं की आता तुझ्या बाबांशी मी काय बोलायचं. मी म्हटलं, आजवर बोलत होतात तेच, गाडीच्या पट्ट्याबद्दल. पण या पत्राचं कारण ते नाही. बाबांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी मी लिहिलंच असतं, आणि तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मला इतकं जड गेलं नसतं.

बाबांची प्रकृती उत्तम नाही. त्यांच्या फुप्फुसांत दाब आहे. दर महिन्याला मी गोळ्या पाठवते. त्यांनी दीड हजार मीटरच्या वर जायचं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तुम्ही ज्या गावी राहणार आहात तिथे पहिल्याच रात्री त्यांचं हृदय बंद पडू शकतं. मला भीती दाखवायची नाही. मला हेच काम येतं, म्हणून सांगते.

त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तुम्ही त्यांना खुर्चीवरून उठवाल असं त्यांना वाटतं. तुमचं ते ठरलेलं वाक्य त्यांनी मनाला लावून घेतलंय. सांगू नकोस म्हणून त्यांनी माझ्याकडे पदर पसरला, लेकीने बापाकडे पसरावा तसा. तरीही मी सांगते आहे. तुम्ही त्यांना सोडलंत तर ते मला कधी क्षमा करणार नाहीत. नाही सांगितलं तर क्षमा करायला ते उरणार नाहीत. मला माझे बाबा हवे आहेत, रागावलेले असले तरी.

आता तुम्हाला काय करायचं ते करा.

कळावे. तुमचा लोभ यानंतर राहील की नाही कोण जाणे, माझा आहे.
तुमची सून

*

११ एप्रिल

चि. भिंगरी हिस,
आशीर्वाद.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण तुझ्यावर रागावलो होतो. अजून आहे. तू बरोबर केलंस हे मला समजतं आणि तरी मी रागावलेलो आहे, दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे या वयात कळलं.

काय झालं ते सांगतो. तुझं पत्र त्यांना पोचलं त्या दिवशी विहीणबाईंनी भर दुपारी दुकान बंद केलं. असं तुझे सासरे गेले त्या दिवसानंतर प्रथमच झालं, असं शेजारचा घड्याळवाला म्हणतो. त्या माझ्या घरी आल्या. घरी त्या कधी येत नाहीत. मी खुर्ची दिली, बसल्या नाहीत. गोळ्या कुठे आहेत विचारलं. मी आणून दिल्या. त्यांनी पर्समधून भिंग काढलं आणि पाकिटावरचं सगळं वाचलं, तुझी लाल अक्षरंसुद्धा. पाकीट होतं तसं ठेवलं. मला वाटलं आता बोलतील. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. त्या जिना उतरून गेल्या.

नंतर प्रवास कंपनीतल्या मुलीने कळवलं की माझं तिकीट रद्द झालं आहे. त्यांचं झालेलं नाही. दुकानात मी गेलो नाही. जायला तोंड नव्हतं. काल त्या गेल्या, एकट्या. गाडीत बसताना घड्याळवाल्याकडे किल्ली देऊन गेल्या आणि त्याला म्हणाल्या की काचा रोज पुसायच्या. माझ्याबद्दल काही नाही.

जाकीट मी जिन्यातल्या खुंटीवर टांगलं आहे. पोस्टमनला बसेल असं वाटतं.

तुला एकच विचारायचं आहे. त्या वर पोचल्यावर त्यांची खुशाली तुला कळेल. मला कळवशील ना? एवढा लोभ तरी असू दे.
बाबा

*

२७ एप्रिल

श्री. व्याही यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हालाच लिहीत आहे, सूनबाईमार्फत नाही. तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही, कारण तुम्ही रोज समोरच असायचात.

मी राजधानीतल्या लॉजच्या खोलीत बसले आहे. लोखंडी खाट, एक टेबल, खिडकीखाली इतकी चढाची गल्ली की माणसं वर येताना आधी टोप्या दिसतात. बुटाची नाडी बांधली की धाप लागते. सूनबाईने सांगितलं तसं सगळं केलं, तरी दोन दिवस डोकं जड होतं. आता बरी आहे.

मैदान पाहिलं. वर आभाळ आणि खाली आभाळ, आणि रेघ तिथेही नाही. मी ते सांगायला वळले आणि शेजारी गाडीचा चालक होता. मला त्याच्यासमोर रडू आलं. त्याने पाण्याची बाटली दिली, त्याला वाटलं उंची बाधली. तुमचा इतका राग मला त्याआधी आला नव्हता.

पण हे पत्र त्यासाठी नाही. परवा सकाळी आमच्याच मजल्यावर एक वयस्कर प्रवासी पडले. ओठ निळे पडले होते. त्यांच्याबरोबर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्या जिन्यात एकट्याच उभ्या होत्या म्हणून मी त्यांच्याबरोबर इस्पितळात गेले. तिथे खिडकीतल्या माणसाने त्यांना विचारलं की तुम्ही यांच्या कोण. त्या म्हणाल्या, मैत्रीण. त्याने पेन खाली ठेवलं. आत फक्त घरच्यांना जाता येतं म्हणाला. घरचं माणूस, त्यांचा मुलगा, दुसऱ्या खंडात होता. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो. ते गृहस्थ आत गेले ते तिथेच संपले. त्यांना शेवटी कुणी पाहिलं ते या बाईंना कधीच कळणार नाही. त्यांची पिशवीसुद्धा यांच्या हातात दिली नाही.

 त्या बाकावर मी असणार होते. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? माझ्या सुनेचे वडील? तुम्ही तिथे काही झालं तर होऊ द्यायला तयार होतात, असं मी निघायच्या आधी सूनबाई म्हणाली. तुम्ही संपला असतात, तुमचं भागलं असतं. मी परक्या गावात बंद दाराबाहेर उभी राहिले असते, तुमच्याजवळ जायचा काडीचाही हक्क नसलेली. याचा तुम्ही क्षणभर तरी विचार केला होतात का? उशाशी बसणार नाही असं मी म्हणत होते. बसूच दिलं जाणार नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर आता ऐका. मी पुढच्या आठवड्यात परत येते, कदाचित या पत्राच्याही आधी. आल्यावर आपण विवाहनोंदणीच्या कचेरीत जाऊन रीतसर सह्या करू. तीन साक्षीदार लागतात. एक घड्याळवाला, दुसरी सूनबाई. तिसरा माझा मुलगा, त्याचा धक्का ओसरेपर्यंत थांबू, फार दिवस मात्र नाही. यापुढे जिथे जायचं ते समुद्राच्या पातळीवर. तुमच्याजवळ बसायचं की नाही, किती बसायचं, कधी कंटाळायचं, हे माझं मी ठरवीन. पण बसले, तर मला तिथून कुणी उठवता कामा नये.

कळावे. लोभ आहे, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

आपली,
तूर्त विहीण